जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचे धनी

१९८६ सालच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. घरात साफसफाई चालली होती आणि माळा रिकामा करायचे काम माझ्याकडे आले होते. मोडकी सायकल, गळका बंब, पाय तुटलेला पाट अशा वस्तूंबरोबर वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायरही मी खाली उतरवला. बुधवार पेठेतल्या एका मेकॅनिककडून त्यांनी तो माझ्या जन्माआधी बनवून घेतला होता. पत्र्याची पेटी, वर उघडे व्हॉल्व आणि उचलताना कंबर धरायला लावील असा ट्रान्सफॉर्मर. दोन-तीन वर्षे तो बंदच होता. भंगारवाल्याने तो काट्यावर ठेवला, तांब्याचा भाव वेगळा लावला आणि माझ्या हातावर ८० रुपये टेकवले. संध्याकाळी वडील कचेरीतून आले. माळ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “बरं केलंस. जागा झाली.”

एवढेच. त्या विषयावर ते पुन्हा कधीच बोलले नाहीत. तबकड्यांना मात्र त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. त्या कपाटात उभ्याच्या उभ्या राहिल्या. वडील गेले, वाडा पाडून तिथे इमारत झाली, आम्ही फ्लॅटमध्ये आलो. तबकड्याही आमच्याबरोबर आल्या.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी आई चहा पिता पिता म्हणाली, “त्या तबकड्या ऐकायला मिळतील का रे कधी? की नुसत्या पुसून ठेवायच्या?” आईचे वय तेव्हा ८४. ऐकू थोडे कमी येते, पण सूर हलला की अजून भुवई उंचावते. भाच्याने तबकड्या वाजवायचे नवे यंत्र आणून दिले. स्पीकरची एक जोडी घरात होतीच. राहिला तो या दोघांना जोडणारा दुवा, अ‍ॅम्प्लिफायर. आणि मी ठरवले की आणायचा तर जुनाच आणायचा. ८० रुपयांना विकलेल्या वस्तूची परतफेड म्हणा हवे तर.

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. मोल असते. ते मला कसे मोजावे लागले आणि त्या निमित्ताने जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या किती तऱ्हेच्या धन्यांची गाठ पडली, त्याची ही हकीकत.

कालव्याचे दार

आधी हे यंत्र करते काय, ते पाहू. तबकडीवरच्या खाचेतून सुई जो विजेचा संदेश उचलते तो इतका क्षीण असतो की त्याने स्पीकरचा पडदा तसूभरही हलणार नाही. प्री-अ‍ॅम्प्लिफायर त्याला जरा बाळसे आणतो. आवाज कमी-जास्त करण्याचे बटण याच टप्प्यावर असते. त्यानंतर येतो पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. आवाजाचा संदेश हा जसाच्या तसा मोठा करतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो भिंतीतल्या वीजपुरवठ्यातून शक्ती घेतो आणि त्या शक्तीला संदेशाच्या बरहुकूम वाकवतो. कालव्याच्या दाराचे चाक एक माणूस हाताने फिरवतो, पण पलीकडे धावते ते धरणाचे पाणी. तसेच हे. हात संदेशाचा, पाणी विजेचे. स्टिरिओत अशी दोन दारे असतात, एक डाव्या स्पीकरसाठी आणि एक उजव्यासाठी.

हे दार पूर्वी व्हॉल्वचे असे, पुढे ट्रान्झिस्टरचे झाले. पाणी साठवण्याचे काम ट्रान्सफॉर्मर आणि मोठमोठे कंडेन्सर करतात. यांपैकी ट्रान्सफॉर्मर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. कंडेन्सर टिकत नाही. त्याच्या पोटात ओलसर रसायन असते, ते वर्षानुवर्षांत सुकते. ही एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता कोणी विचारील, बाजारात नवे अ‍ॅम्प्लिफायर मिळत असताना जुन्याचा आग्रह कशाला? प्रश्न रास्त आहे. नवे यंत्र हलके, वीज कमी खाणारे आणि मोजमापात बहुतेक वेळा सरसच असते. जुन्याच्या बाजूने बोलण्यासारखे एवढेच, की ते उघडता येते. आत हाताने सुटे करता येतील असे भाग असतात, प्रत्येकाचे काम ठरलेले असते. बिघडले तर बिघडलेला तेवढाच भाग बदलता येतो. आजच्या पुष्कळ यंत्रांत एक चकती गेली की सगळी पाटीच टाकावी लागते. पण उघडता येते याचा अर्थ उघडणारा कोणी हवा. हे मला तेव्हा सुचले नव्हते.

जितके धनी तितकी मते

घ्यायच्या आधी चार लोकांचे ऐकावे म्हणून मी हिंडू लागलो.

पहिले भेटले ते कोथरूडचे एक निवृत्त इंजिनियर. १९७२ साली कंपनीने त्यांना सहा महिन्यांसाठी इंग्लंडला धाडले होते. भत्त्यातून वाचवलेल्या पौंडांत त्यांनी क्वाड ३०३ नावाचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि सामानात कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून आणला. पीटर वॉकर या गृहस्थांनी १९३६ साली काढलेल्या कंपनीचे हे यंत्र. हंटिंग्डन या छोट्या गावात ते १९६७ ते १९८५ अशी तब्बल अठरा वर्षे बनत राहिले. “पन्नास वर्षांत तीन वेळा उघडलाय,” साहेब म्हणाले. “बायकोपेक्षा कमी तक्रारी केल्यात त्यानं.” आतून लगेच आवाज आला, “आणि तुमच्यापेक्षाही!”

दुसरे नाशिकचे डॉक्टर. त्यांच्या दिवाणखान्यात अमेरिकेतल्या भावाने पाठवलेला डायनॅको स्टिरिओ ७० आहे. फिलाडेल्फियाच्या कंपनीचा, डेव्हिड हाफलर यांचा १९५९ सालचा हा व्हॉल्वचा अ‍ॅम्प्लिफायर, एका बाजूला ३५ वॅटचा. गंमत अशी, की तो बहुतेक सुट्या भागांच्या स्वरूपात विकला जाई. गिऱ्हाइकाने पुस्तिका समोर ठेवून स्वयंपाकघराच्या टेबलावर स्वतः डाग देऊन जोडायचा. म्हणजे एकाच नावाचे हजारो अ‍ॅम्प्लिफायर, पण प्रत्येकाला हात वेगळा. “माझा कोणा शिस्तीच्या माणसानं जोडलेला दिसतोय,” डॉक्टर म्हणाले, “एकेक तार काटकोनात वळलीय.” तक्रारी? खोली तापते. मोठे व्हॉल्व रशिया, चीन, स्लोव्हाकियात अजून बनतात, म्हणून ते मिळतात, पण ७१९९ नावाचा छोटा व्हॉल्व सहज मिळत नाही. शिवाय यंत्र अमेरिकेच्या १२० व्होल्टवर चालणारे, त्यामुळे शेजारी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागतो. “मुलीला ताकीदच दिलीय, हा प्लग थेट भिंतीत घातलास तर धूर निघेल.”

तिसरे मत गणपतीत आणि लग्नात ध्वनिव्यवस्था भाड्याने देणाऱ्या एका व्यावसायिकाचे. चाळीस वर्षे या धंद्यात. त्यांना माझी हौस ऐकून हसूच आले. “साहेब, जुना अ‍ॅम्प म्हणजे पाठदुखी. आम्ही टेम्पोत चढवायचो तेव्हा चार माणसं लागायची. २एन३०५५ ट्रान्झिस्टरच्या रांगाच्या रांगा. एक गेला की शेजारचा घेऊन जायचा.” मग जरा थांबून म्हणाले, “पण एक सांगतो, रात्री दोन वाजता बिघडला तर तीनला पुन्हा चालू करायचो. आताचा बिघडला की सरळ गोण्यात.”

चौथी एक तरुणी, संगणक क्षेत्रात नोकरी करणारी. तिने सत्तरच्या दशकातला जपानी अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. त्या काळी आखातातून परतणारे लोक विमानतळावर खोकी सांभाळत उतरायचे, त्या खोक्यांत असे जपानी सामान असे. १९९१ पूर्वी आयातीवर कडक बंधने होती, त्यामुळे घरात अशी परदेशी वस्तू असणे म्हणजे गल्लीत मान. आपल्याकडेही बनत होतेच. कोलकात्याच्या सोनोडाइनचे स्टिरिओ किंवा दिल्लीच्या अहुजाचे सभा-समारंभांचे अ‍ॅम्प्लिफायर अनेकांना आठवत असतील. तर या मुलीने घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर ‘संपूर्ण नूतनीकरण केलेला’ होता. सहा महिन्यांत उजवी बाजू बंद पडली. उघडून पाहिले तर आतले ट्रान्झिस्टर नकली. वरचे नाव नामांकित कंपनीचे, पण आतला सिलिकॉनचा तुकडा नखाएवढाही नाही. “त्यापेक्षा न उघडलेला घेतला असता तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “निदान काय बिघडलंय ते खरं कळलं असतं.”

चौघांची चार मते. पण एका बाबतीत पहिल्या दोघांचे एकमत होते. ते म्हणजे आवाज. साहेबांच्या मते त्यांच्या यंत्राचा आवाज ‘प्रामाणिक’. डॉक्टरांच्या मते त्यांच्या व्हॉल्वचा आवाज ‘उबदार’, साजूक तुपासारखा. दोघांनीही मला बसवून ऐकवले आणि दोन्हीकडे मला ते पटले. मी आणखी गोंधळलो.

पहिला धडा

गोंधळलेला माणूस घाई करतो. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला एक भारदस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर दिसला. पुढे दोन काटे, रुंद पोलादी चेहरा, ब्रँड कोणता ते सांगत नाही. दुकानदाराने तारा जोडून दिवा लावून दाखवला. “चालू आहे,” तो म्हणाला. दिवा लागला म्हणजे चालू, अशी आमच्या दोघांचीही समजूत. मी १४ हजार मोजले आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणला.

स्पीकर जोडले, बटण दाबले. डाव्या स्पीकरचा मोठा पडदा एकदम पुढे आला आणि पुढेच राहिला. मला वाटले, काय जोर आहे! तबकडी शोधायला मी कपाटाकडे वळलो. दोन मिनिटांत जळक्या वार्निशचा वास आला. प्लग उपटेपर्यंत पडद्यामागचे तारेचे गुंडाळे, ज्याला व्हॉइस कॉइल म्हणतात, ते काळे पडले होते. सूर एकही निघाला नव्हता. आई आतून म्हणाली, “दूध उतू गेलं का रे?”

झाले होते असे. स्पीकरला जायला हवी मागे-पुढे हलणारी, म्हणजे प्रत्यावर्ती वीज. अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यातला एखादा ट्रान्झिस्टर आतून जुळून गेला, की एकाच दिशेची एकदिश वीज सरळ स्पीकरमध्ये शिरते. पडदा एका बाजूला ढकलला जातो, हलत नाही, वारा मिळत नाही, आणि गुंडाळे तापून जळते. चांगल्या यंत्रांत हे टाळणारी रिले असते. माझ्या यंत्रातली कोणीतरी ‘दुरुस्ती’ करताना सोल्डरच्या डागाने कायमची जोडून टाकली होती. मागच्या धन्याने त्रास वाचवला होता, पैसे माझे गेले.

पासोड्या विठोबाजवळचे काका

जळका स्पीकर आणि तो अ‍ॅम्प्लिफायर घेऊन मी पासोड्या विठोबाच्या आसपास विचारत विचारत एका बोळातल्या दुकानी पोहोचलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत एक टेबल, एक दिवा आणि सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. सगळे त्यांना काकाच म्हणतात. शिकले व्हॉल्ववर, कमावले ट्रान्झिस्टरवर. त्यांनी माझी हकीकत ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, “घेण्याआधी कोणाला दाखवला होता?”

“नाही.”

“म्हणजे कुंडली न बघता लग्न केलंत.”

त्यानंतर दोन-तीन महिने मी त्यांच्या दुकानात शनिवारी दुपारी जाऊन बसत असे. जुना अ‍ॅम्प्लिफायर कसा पाहायचा ते मी तिथे शिकलो. माझ्यासारख्या हौशी वाचकांसाठी ते थोडक्यात मांडतो.

दिवा लागणे ही परीक्षा नव्हे. विकणाऱ्याला विचारावे, शेवटचा कधी वाजला? रोज वाजणारे यंत्र वीस वर्षे कपाटात पडलेल्या यंत्रापेक्षा बहुधा बरे असते, कारण कंडेन्सर वापराविना जास्त बिघडतो. बंद पडलेल्या यंत्राला एकदम २३० व्होल्ट देऊ नयेत. काका आधी साधा शंभर वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. आत शॉर्ट असला तर बल्ब भक्ककन पेटून तसाच राहतो आणि यंत्र वाचते. क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. मग डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज वाढवायचे. उपासाने खंगलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पुरणपोळी देत नाहीत, तसेच.

स्पीकर जोडण्यापूर्वी त्याच्या जागी मीटर लावावा. आवाज बंद असताना तिथे एकदिश व्होल्टेज जवळजवळ शून्य हवे. काही मिलिव्होल्ट चालतात, शंभराच्या पुढे गेले तर दुरुस्तीआधी स्पीकर जोडू नये. एवढी एक तपासणी मी केली असती तर आईला दुधाची शंका आली नसती.

पाठीमागची पाटी वाचावी. अमेरिकेचे यंत्र १२० व्होल्टचे, जपानच्या घरगुती बाजारातले १०० व्होल्टचे. विलायती यंत्रांत पुष्कळदा व्होल्टेज बदलण्याची सोय असते, पण ती कुठे लावून ठेवली आहे ते बघावे. घरात तीन पिनांचे अर्थिंग खरोखर आहे का, तेही एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. मुंबई-कोकणातून आलेल्या यंत्राच्या सांध्यांवर हिरवी बुरशी बघावी, खारा वारा तांब्याला सोडत नाही. आणि झाकण स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. व्हॉल्वच्या यंत्रात तर ती चारशे व्होल्टच्या पुढेही असते. ही हौस जिवावर बेतू शकते, हे मुलाबाळांच्या घरात विसरून चालत नाही.

“आणि ‘रिस्टोर केलाय’ असं म्हणाला विकणारा, तर?” मी विचारले.

“तर काढलेले जुने भाग बघायला मागा,” काका म्हणाले. “ज्यानं मनापासून काम केलंय तो काढलेले कंडेन्सर पिशवीत घालून ठेवतो. फेकून दिले म्हणाला, तर समजून जा.”

उबदार कोण?

एका शनिवारी मी कोथरूडच्या साहेबांनाच काकांकडे घेऊन गेलो. ‘उबदार’ आणि ‘प्रामाणिक’ या शब्दांचा निकाल लावावा म्हणून. साहेबांनी एक जुनी हकीकत सांगितली. १९७८ साली इंग्लंडात जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञांनी एक चाचणी घेतली. वॉकर यांच्याच कंपनीचे तीन पिढ्यांचे अ‍ॅम्प्लिफायर घेतले. १९५३ सालचा व्हॉल्वचा क्वाड टू, १९६७ सालचा ३०३ आणि १९७५ सालचा ४०५. जाणकार श्रोत्यांना कोणता वाजतो आहे हे न सांगता ऐकवले. निकाल काय? तिघांतला फरक श्रोत्यांना खात्रीने ओळखता आला नाही.

“मग तुम्ही तुमच्याला प्रामाणिक म्हणता ते?” मी साहेबांना खिजवले.

“प्रामाणिक म्हणजे स्वतःचं काही न बोलणारा,” साहेब शांतपणे म्हणाले. “वॉकरचं म्हणणंच ते होतं. अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा आवाज असता कामा नये.”

काकांनी मान वर न करता विचारले, “ती तिन्ही यंत्रं ठणठणीत होती ना?”

“अर्थात.”

“तिथंच आलं. माझ्याकडे येतात ती आजारी. एका बाजूचा कंडेन्सर सुकलाय, खालचे सूर गेलेत, आणि धनी म्हणतो काय नाजूक आवाज आहे! दुसऱ्याचा व्हॉल्व थकलाय, सगळं गुळगुळीत झालंय, आणि म्हणतो काय ऊब आहे! मी दुरुस्त करून देतो तर म्हणतात, काका, आधीचाच बरा होता.”

आम्ही हसलो, पण मला एकाएकी सगळ्या धन्यांच्या मतांचा अर्थ लागला. जुन्या यंत्राबद्दल धनी जे सांगतो ते यंत्राविषयी थोडे आणि स्वतःविषयी फार असते. साहेब सांगत होते आपल्या विलायतेच्या सहा महिन्यांबद्दल, डॉक्टर दूरच्या भावाबद्दल. ते खोटे नव्हते. फक्त त्यावरून माझ्या घरी येणारे यंत्र कसे वाजेल हे कळणार नव्हते. दोन ३०३ एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघाले असतील. पुढच्या पन्नास वर्षांत एकाला बरे हात लागले असतील, दुसऱ्याला नसतील. खरेदी करायची ती त्या हातांची.

आणि म्हणूनच एक काळजीही वाटली. काकांच्या टेबलावर सोल्डर करताना त्यांचा उजवा हात अलीकडे थोडा थरथरतो. डाव्या हाताने मनगट धरून ते डाग देतात. मुलगा परगावी चांगल्या नोकरीत आहे. “शिकायला कोणी येत नाही का?” असे विचारल्यावर ते म्हणाले, “येतात, मोबाईल दुरुस्ती शिकायची असते. बरोबरच आहे, पोट त्यावर भरतं.” जुने यंत्र शंभर वर्षे टिकेल असे आपण कौतुकाने म्हणतो. टिकेल, पण एकटे नाही. काकांसारखा माणूस गावात असेपर्यंतच ते यंत्र, नंतर ते वजन. भंगारवाल्याच्या काट्यावरचे. १९८६ साली वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर दोन-तीन वर्षे बंद का पडून होता, हे मी कधी विचारलेच नव्हते. मागाहून आईने सांगितले. तो बनवणारा मेकॅनिक १९८३ साली वारला होता.

घरी आला तो

शेवटी मीही ३०३ च घेतला. कारण आवाज नव्हे. एका बाजूला ४५ वॅटचे हे यंत्र अशा रचनेचे आहे, की स्पीकरच्या वाटेत एक मोठा कंडेन्सर उभा असतो. आतला ट्रान्झिस्टर जळला तरी एकदिश वीज त्या दाराशी अडते. हाच कंडेन्सर खालच्या सुरांना बांधतो म्हणून नंतरच्या यंत्रांतून तो काढून टाकला गेला. पण एकदा हात भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो, मला तो पहारेकरी हवाच होता. मुंबईतल्या एका घरातून, आजोबांच्या पश्चात तो विकायला निघाला होता. काका माझ्याबरोबर आले, बल्ब आणि मीटर पिशवीत घेऊन. यंत्राला स्वतःचे चालू-बंदचे बटण नाही, जोडणीही आजच्या पिनांची नाही, जुन्या गोल सॉकेटची. कंडेन्सर सगळे मूळचे, म्हणजे बदलायलाच झालेले. हे सगळे त्यांनी घरच्यांसमोर स्पष्ट सांगितले आणि ३५ हजारांवर सौदा ठरला. नातवाने यंत्र देताना त्यावरून हात फिरवला. “आजोबा फक्त रात्री साडेनऊच्या बातम्यांनंतर लावायचे,” तो म्हणाला. मी ऐकून घेतले. तेही यंत्राबरोबर आले.

काकांनी तीन आठवडे घेतले आणि खर्च साडेनऊ हजार लावला. कंडेन्सर बदलले, दोन्ही बाजूंचा विद्युत्प्रवाह मोजून जुळवला, नवी तीन पिनांची तार घातली. काढलेले भाग पिशवीत घालून माझ्या हाती दिले. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने कोणा जुन्या मेकॅनिकने इंग्रजीत एक तारीख लिहिली होती, १९८१ ची. काकांनी तिच्याखाली देवनागरीत त्या दिवसाची तारीख घातली आणि काय काय बदलले ते बारीक अक्षरात लिहिले. “पुढच्याला उपयोगी पडेल,” म्हणाले.

मी हिशेब केला. पहिला फसलेला सौदा, स्पीकरची दुरुस्ती, हे यंत्र, काकांची मजुरी. या पैशांत नवाकोरा अ‍ॅम्प्लिफायर, तोही वॉरंटीसह, सहज आला असता. तेव्हा कोणी मला विचारले, की जुना घ्यावा का? तर मी सांगेन, पैसे वाचवण्यासाठी मुळीच घेऊ नका. आवाजाच्या चमत्कारासाठीही घेऊ नका. तुमच्या गावात तो उघडणारा माणूस असेल, त्याला घेण्याआधी सोबत नेणार असाल आणि दुरुस्तीसाठी किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवणार असाल, तर अवश्य घ्या. माणूस आधी शोधा, यंत्र नंतर.

रविवारी सकाळी सगळे जमले. काकांनाही बोलावले होते. मी वडिलांच्या तबकड्यांतली नाट्यसंगीताची एक काढली आणि उत्साहाच्या भरात आवाज जरा चढवलाच. एवढे वॅट घरी आणले ते कशाला? पेटी, तबला, मग गायकाचा पहिला आलाप. भाच्याने मला टाळी दिली. साहेब असते तर प्रामाणिक म्हणाले असते.

आईने हात वर केला. “बंद कर.”

मी सुई उचलली. “काय झालं? बरोबर वाटत नाही का?”

“गाणं बरोबर आहे. पण तुझे वडील एवढ्या मोठ्यानं कधी लावत नसत. शेजारी भिंतीला भिंत होती, पहाटेपाळीची माणसं झोपलेली असायची. जवळ खुर्ची घेऊन बसायचे आणि हळू लावायचे.”

काका हसले. मग त्यांनी मला समजावले, की खोलीत जवळ बसून ऐकायला एखाद-दुसरा वॅट पुरतो. शक्ती दुप्पट केली तरी वाढ होते ती तीनच डेसिबलची. बाकीचे वॅट असतात ते एखादी तान अचानक उसळली, तबल्यावर थाप जोरात पडली, तर ती चेपली जाऊ नये म्हणून राखून ठेवलेले. घरात चार माणसांचा स्वयंपाक असला तरी भांडे मोठे ठेवतात, तसे.

मी आवाज कमी केला. आईसाठी खुर्ची स्पीकरजवळ ओढली. तिने पदर सारखा केला, मान जरा कलती केली आणि म्हणाली, “हां. आता लाव.”